बसलेल्या गालाची वर्षं

माझा डावा गाल तेराव्या वर्षापासून बसत गेला. तो बऱ्यापैकी भरून येईपर्यंत माझी बारा वर्षं गेली आणि दोन ऑपरेशनं झाली. आज बसमध्ये शेजारी बसलेलं माणूस माझ्याकडे दुसऱ्यांदा वळून पाहत नाही. पण ज्या बाईला हा गाल भरलेला पाहायचा होता, ती माझी माय, मधल्या काळात गेली.

तपासणीसाठी मी अजून वर्षातून एकदा नागपूरच्या सरकारी दवाखान्यात जाते. तिथल्या बाकावर कधीकधी पोरीचं तोंड पदराखाली घेऊन बसलेली एखादी आई दिसते. तिला कोणी काही सांगितलेलं नसतं. आम्हालाही सांगितलेलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. वैद्यकातलं मला फार कळत नाही. जे माझ्या घरात झालं तेवढंच सांगते.

फोटो

आमचं गाव करडी. बाबा पोस्टात होते, सायकलवर टपाल वाटायचे. आमची थोडी धानाची जमीन होती, ती माय पाहायची. घरात आम्ही तिघंच.

सातवीत असताना शिष्यवृत्तीच्या फॉर्मला फोटो लागत होता. माय मला भंडाऱ्याला घेऊन गेली. फोटोवाल्यानं मला स्टुलावर बसवलं, काळ्या कापडात डोकं घातलं आणि आतूनच म्हणाला, "बेटी, गाल आत ओढू नको."

मी म्हटलं, "नाई ओढत."

"सीधा तोंड ठेव. डावा गाल चावून राहिली तू."

मी तोंड उघडून दाखवलं. तो कापडातून बाहेर आला, माझी हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं आणि मायकडे पाहून म्हणाला, "बाई, हिले काही झालं होतं का? दात-बीत?"

मायनं फोटो तेवढा काढून घेतला. परत येताना एसटीत तिनं मला खिडकीशी बसवलं आणि मोहाडी येईपर्यंत ती माझ्या गालाकडे पाहत राहिली. घरी आल्यावर बाबांना म्हणाली, "त्या दिवशी मी मारलं होतं नं हिले. त्याच जागी आहे."

ते मारणं मी विसरून गेले होते. त्याआधीच्या पावसाळ्यात तिनं मला पऱ्ह्यांवर राखण बसवलं होतं. पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपं. मी झाडाखाली पुस्तक वाचत बसले आणि गुरांनी पऱ्हे अर्धे खाल्ले. माय चिखलातून धावत आली आणि तिनं माझ्या डाव्या गालावर एक लगावली. चिखलाची पाच बोटं उमटली होती. संध्याकाळी तिनंच तोंड धुऊन दिलं. आमच्या गावात असं मारणं कोणी लक्षात ठेवत नाही.

मायनं ठेवलं.

लोक काय म्हणाले

वर्षभरात गालावरची कातडी काळपट झाली, आत हाडाला चिकटल्यासारखी. डाव्या बाजूचा ओठ थोडा वर ओढला गेला. दुखत मात्र काहीच नव्हतं. दुखलं असतं तर लोकांनी दुखणं तरी म्हटलं असतं.

कोणी वारं लागलं म्हणालं, कोणी करणी. शाळेत एक दिवस गुरुजींनी मला बसायची वेगळी पट्टी दिली आणि दाराजवळ बसायला सांगितलं. आमच्याकडे त्या काळात महारोगाची भीती फार होती. पोरींनी माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं. ज्या मैत्रिणीबरोबर मी चिंचा खायची, ती रस्त्यात दिसली की पुस्तकं छातीशी धरून बाजूनं जायची. मला तिचा राग आला नाही. मलाही स्वतःची भीती वाटत होती.

मायनं मला खाऊ घालायला सुरुवात केली. तिच्या मते रिकामी जागा खाण्यानंच भरणार. रोज एक अंडं, साय, केळी. समोर बसून म्हणायची, "इकडून चाव. डावीकडून." मी एरंडेल चोळून घेतलं, डावीकडून चावलं, वर्षभरात अंगानं चांगली भरले. उजवा गाल गुबगुबीत झाला आणि डावा होता त्याहून खोल दिसायला लागला. ते तिच्या लक्षात आलं त्या दिवशी तिनं अंड्याची टोपली शेजारणीला देऊन टाकली.

ज्या दिवशी नाव कळलं

बाबांनी रजा काढली आणि आम्ही भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाच्या बोळ्यानं गालाला हलकेच शिवत राहिले. कुठे लागलं ते मी बोटानं दाखवायचं. प्रत्येक वेळी मी बरोबर दाखवलं. ते म्हणाले, "हा महारोग नाही. शाळेत सांगा, मी लिहून देतो." त्यांनी खरंच चिठ्ठी लिहून दिली. गुरुजींनी ती वाचली आणि मला जुन्या जागी बसवलं. माझ्या शेजारी मात्र त्या वर्षी कोणी बसलं नाही.

त्यांनीच आम्हाला नागपूरला पाठवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी चार विद्यार्थी बोलावले, त्यांना माझा चेहरा इंग्रजीत समजावून सांगितला. एक लांब नाव होतं, ते बाबांनी टपालाच्या वहीत उतरवून घेतलं. मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "चेहऱ्याच्या एका बाजूची चरबी हळूहळू वाळते. का, ते कोणाला माहीत नाही. औषध नाही. काही वर्षांनी आपोआप थांबेल. थांबल्यावर भरता येईल. त्याआधी भरलं तर तेही वाळेल."

बाबांनी विचारलं, "किती वर्षं?"

"सांगता येत नाही. दरवर्षी एक फोटो काढून ठेवा. दोन वर्षं सारखे आले की समजा थांबलं."

आम्ही उठलो. माय उठली नाही. तिनं विचारलं, "साहेब, मारल्यानं होते का हे?"

डॉक्टर पुढच्या कागदाकडे हात नेत म्हणाले, "काही पेशंट सांगतात की आधी मार लागला होता. पण तसा पुरावा काही नाही."

त्यांचं पहिलं वाक्य मायनं ऐकलं. दुसरं तिनं ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. परतीच्या गाडीत बाबा तिला दोनदा म्हणाले, "नाई म्हटलं नं त्यायनं." ती म्हणाली, "आधी होय म्हटलं."

वाट पाहणं

तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही भंडाऱ्याला फोटोसाठी जायचो. तोच फोटोवाला, तेच स्टूल. तो काही बोलायचा नाही आता. माय कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहायची आणि मला सरळ बस म्हणायची. घरी येऊन फोटो ओळीनं मांडायची आणि बोटानं मोजमाप केल्यासारखी एकेक गाल पाहायची.

मी मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले. ओढणी डावीकडून घेऊन दातात धरायची सवय लागली. तळ्यावर धुणं धुताना पाण्यात तोंड दिसू नये म्हणून मी सतत पाणी हलवत असे. माय ते पाहायची. एकदा तिनं माझ्या हातातलं धुणं काढून घेतलं, म्हणाली, "तू घरी जा, मी धुतो." त्यानंतर तिनं मला तळ्यावर येऊ दिलं नाही.

एकोणिसाव्या वर्षीचा फोटो आणि विसाव्या वर्षीचा फोटो सारखे आले. एकविसाव्याचाही. मायनं तिन्ही फोटो तुळशीच्या ओट्यावर उन्हात ठेवले. ओटा शेजारच्या घरचा, आमच्याकडे तुळस नव्हती. शेजारणीला बोलावून विचारलं, "तुले काही फरक दिसते का वं?" शेजारीण नाही म्हणाली. माय बाबांना म्हणाली, "चला नागपूरले."

चार रस्ते

आता नागपूरला प्लास्टिक सर्जरीचे वेगळे डॉक्टर होते. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. त्यांनी केसपेपरच्या मागे माझा चेहरा काढला आणि पेन्सिलीनं समजावलं. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण हेच मला आधी कोणी सांगायला हवं होतं.

पहिला रस्ता म्हणजे बसायच्या जागेवरून कातडीचा आतला थर आणि त्याला चिकटलेली चरबी असा एक तुकडा काढायचा आणि कानापुढून चीर देऊन गालाच्या आत सरकवायचा. दोष असा की त्यातला तिसरा हिस्सा, कधी निम्मा, अंगात विरघळून जातो. दुसरा, मुंबईकडे काहीजण सुईनं सिलिकॉन भरत होते. ते म्हणाले, "लगेच छान दिसतं. मी करत नाही. पुढे ते सरकतं, कडक होतं." तिसरा, पोटाच्या मांसाची गुंडाळी करून, ती आधी हाताला जोडून मग हात तोंडाशी बांधून आठवडेच्या आठवडे ठेवायचा. डाग फार राहतात. चौथा नवीन होता. बारीक रक्तवाहिन्या दुर्बिणीखाली जोडून जिवंत मांसच हलवायचं. "ते अजून आपल्याकडे होत नाही. वाट पाहायची असेल तर पाहा."

माय म्हणाली, "नऊ वर्षं पाहिली, साहेब."

आम्ही पहिला रस्ता घेतला. निम्मा विरघळू शकतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं. आम्ही दोन्ही वेळा मान हलवली होती.

वॉर्ड

शुद्धीवर आले तेव्हा अर्धं डोकं पट्टीत होतं आणि दुखत होतं ते बसायच्या जागी. पाच दिवस बोलायचं नाही, चावायचं नाही, हसायचं नाही, डाव्या कुशीवर व्हायचं नाही. सिस्टरनं पाटी-पेन्सिल दिली. मी पाटीवर लिहिलं, "तहान." माय पाटी हातात घेऊन पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. ते मला माहीत होतं आणि तरी मी लिहिलं होतं.

शेजारच्या खाटेवर कमलताई म्हणून नागपूरच्याच एक बाई होत्या. त्यांनी पाटी घेऊन वाचलं, "पाणी मागते." तेव्हापासून मी लिहायची, कमलताई वाचायच्या आणि माय करायची. कमलताईंचे दोन्ही गाल लाल आणि गाठाळ होते. त्यांनी मुंबईला कोणाकडून तरी सुया घेतल्या होत्या. वर्षभर त्या फार सुंदर दिसल्या म्हणे. त्यांनी मला फोटो दाखवला. आता डॉक्टर तुकड्यातुकड्यानं ते काढत होते. "सुईनं भरलं ते सुईनं निघत नाही गं," त्या म्हणाल्या आणि फोटो उशीखाली ठेवला.

माय रात्री माझ्या खाटेखाली चटईवर निजायची. दिवसा दवाखान्यामागच्या शेडमध्ये चूल पेटवून तांदळाची पातळ पेज करायची, गाळून, चोचीच्या कपातून मला पाजायची. थेंब हनुवटीवर आला की बोटानं टिपायची. पट्टीला मात्र बोट लागू द्यायची नाही.

पट्टी सोडली तेव्हा डॉक्टरांनी आरसा माझ्या आधी मायच्या हातात दिला. तिनं तो माझ्यासमोर धरला. सुजलेला, निळसर, टाके पडलेला, पण भरलेला गाल होता. उजव्याहूनही भरलेला. मी मायकडे पाहिलं तर ती हसत होती. तिचे खालचे दोन दात पडलेत हे मला तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत ती माझ्यासमोर तोंड उघडून हसलीच नव्हती.

तीन महिने

गावातली बायामाणसं पाहायला आली. तीच जुनी मैत्रीण, आता तिच्या कडेवर लेकरू होतं, तिनं गालाला हात लावून पाहिला. मी ओढणी गळ्यात टाकून दुकानात गेले.

तिसऱ्या महिन्यात तुमसरकडचं स्थळ आलं. मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर. ऑपरेशन झाल्याचं त्यांना माहीत होतं. निम्मा गाल विरघळू शकतो, हे आम्ही सांगितलं नाही. बाबा म्हणाले होते, "सांगून टाकू." माय म्हणाली, "कायले? झालं नं आता चांगलं." मीही गप्प राहिले. मला ते स्थळ हवं होतं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. तो साक्षगंधाला माझ्याशी दोनच वाक्यं बोलला, त्यातलं एक होतं, "तुम्हाले वाचाले आवडते म्हणे." मी ते वाक्य कितीतरी दिवस मनात ठेवलं.

थंडी सुरू झाली आणि गाल उतरायला लागला. आधी कानाजवळ, मग मध्ये. मी सकाळी आरशात पाहायची आणि मायला काही म्हणायची नाही. मायही पाहायची आणि मला काही म्हणायची नाही. एक दिवस मुलाचा मामा लग्नाची तारीख काढायला आला. मी पाणी घेऊन गेले. त्यानं मला अंगणात उन्हात उभं केलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि बाबांना म्हणाला, "तवा पोरगी अशी नव्हती, भाऊ. तुम्ही आम्हाले फसवलं."

बाबांनी हात जोडले. तो पाणी न पिता गेला.

माय ओसरीत सुपानं तांदूळ पाखडत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. मी ओरडले नाही. अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुह्यानं झालं हे. त्या दिवशी हात उचलला नसता तं माह्यं तोंड असं झालं नसतं."

सूप थांबलं. ती म्हणाली, "होय, बाई."

मग ती पुन्हा पाखडायला लागली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा चिडेल, मला दुसरी एक देईल. सूप हलत राहिलं. त्या दिवसानंतर तिनं माझ्या चेहऱ्याला कधी हात लावला नाही.

राहून गेलं ते

मला भंडाऱ्याला एका कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. खोली घेऊन राहिले. शनिवारी करडीला यायची. माय माझ्यासाठी सांजा करायची, डबा भरून द्यायची, थांब्यावर पोचवायला यायची. आम्ही रोवणीबद्दल, पावसाबद्दल, शेजारच्या म्हशीबद्दल बोलायचो. ते एक वाक्य आमच्यामध्ये होतं. ते परत घ्यायचं माझ्या मनात यायचं, पण अर्ध्या मनाला ते खरंच वाटत होतं. खरं लिहायचं तर मला तिच्यावर रागावून बरं वाटत होतं. आरशात पाहिलं की कोणावर तरी राग काढायला माणूस लागायचं, आणि ती होती.

अशी दोन वर्षं गेली.

पावसाळ्यात एका बुधवारी गावचा एक माणूस कचेरीच्या दारात उभा राहिला. "तुह्या मायले ताप आहे. चाल," एवढंच म्हणाला. मी पोचले तेव्हा तिला तिसरा दिवस होता. ताप डोक्यात गेला होता. तिचे डोळे उघडे होते, पण ती कोणाला ओळखत नव्हती. मी तिचा हात उचलून माझ्या डाव्या गालावर ठेवला. हात गरम होता आणि नुसता पडून राहिला. मी म्हणाले, "माय, तुह्यानं नाई झालं." दोनदा, तीनदा म्हणाले. बैलगाडी जुंपून मोहाडीच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती वाटेत गेली.

घरात लावायला तिचा फोटो शोधला. माझे नऊ फोटो होते, तिचा एकही नव्हता. दरवर्षी ती कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहिली, समोर कधी बसलीच नाही.

दुसऱ्यांदा

वर्षभरानं मी पुन्हा नागपूरला गेले. लग्नासाठी नाही. तो विषय माझ्यापुरता संपला होता. गाल अर्धवट विरघळून एका बाजूला गोळा झाला होता आणि ओठ ओढला जात होता, बोलताना त्रास व्हायचा. डॉक्टर तेच होते. या वेळी मांडीच्या सांध्याजवळून तुकडा घेऊ आणि लागतो त्याहून बराच मोठा घालू, असं ते म्हणाले. पहिले काही महिने गाल वेडावाकडा फुगलेला दिसेल, त्याला घाबरू नको. सुजलेल्या गालावर भरवसा ठेवायचा नसतो, हे आम्हाला कळलेलंच होतं, फक्त फार किंमत मोजून.

बाबा सोबत आले. त्यांना पेज करता येत नव्हती. शेडमधल्या एका बाईला विचारून विचारून ते करायचे, गुठळ्या राहायच्या, कपाची चोच तुंबायची. मी पाटीवर लिहायची ते ते चष्मा लावून नीट वाचायचे आणि प्रत्येक वेळी "होय पोरी" म्हणायचे. वाचणारं माणूस होतं या वेळी.

पाचव्या दिवशी डॉक्टर पट्टी बदलायला आले. बाबा शेडमध्ये होते. डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहून विचारलं, "तुझी आई नाही आली?"

मी पाटीवर लिहिलं, "गेली."

त्यांनी हातातली पट्टी गुंडाळून ठेवली. मग स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "मग आता सांगायला हरकत नाही. मी तिला शब्द दिला होता. ती माझ्याकडे एकटीच आली होती. तुझ्या पहिल्या ऑपरेशनला पाच-सहा महिने झाले असतील. ओपीडी संपेपर्यंत बसून राहिली आणि म्हणाली, पोरीचा गाल उतरला, आता माझ्या अंगातलं काढून भरा. मी म्हटलं, बाई, दुसऱ्याचं अंग घेत नाही, आईचंही नाही. तिला वाटलं, ती बारीक आहे म्हणून मी नाही म्हणतो. विचारायला लागली, किती महिने खाल्लं तर पुरेल?"

पाटी मी छातीवर उलटी ठेवली.

"मग तिनं त्या मारण्याचं विचारलं. मी तिला बसवून नीट सांगितलं. असे जे पेशंट मी पाहिले, त्यातल्या बहुतेकांना कोणी बोटही लावलेलं नव्हतं. कारण आम्हाला माहीत नाही हे खरं, पण एका थपडेनं हे होतं असं मला वाटत नाही. तिला ते पटलं. पदरानं तोंड पुसलं तिनं. मी म्हटलं, मुलीलाही घेऊन या, मी तिलाही सांगतो. तर म्हणाली..."

ते तिच्याच बोलीत, जसं आठवलं तसं म्हणाले, "नका सांगू, साहेब. मले दोष देते तं तिचा जीव हलका होते. तेवढं तरी राहू द्या तिले."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी सिस्टर पुढे आली. "रडू नको, पट्टी ओली होईल. टाके पिकतील." तिनं कापसानं माझे डोळे टिपले, आणि मी श्वास धरून छताकडे पाहत राहिले. त्या वेळी मला रडायची परवानगी नव्हती.

घरी

या वेळचा गाल राहिला. वर्षभर उतरत गेला आणि मग थांबला, निम्म्याहून अधिक टिकला. हसताना डावी बाजू थोडी मागे राहते. कानापुढे एक रेघ आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा थोडं भरता येईल. मी नको म्हटलं.

ज्यांच्या घरी असं लेकरू असेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की गाल बसणं थांबल्याशिवाय ऑपरेशनला हात घालू नका. किती विरघळणार ते विचारा आणि ते ऐका. सूज असताना स्थळ पाहू नका, पाहिलं तर सगळं सांगा. सुयांच्या नादी लागू नका. आणि लेकराच्या आईला कोणीतरी जवळ बसवून बोला, तिनं विचारलं नाही तरी.

दवाखान्यातून आल्यावर आठवडाभर मी बाबांना काही बोलले नाही. मग एका दुपारी ते जेवायला बसले असताना सांगितलं, की माय नागपूरला गेली होती, ती काय म्हणाली.

बाबांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "मले माहीत होतं. आल्यावर तिनंच सांगितलं. तुले सांगू नका म्हणे."

"ती होती तवा ठीक," मी म्हटलं. "ती गेल्यावर काहून नाई सांगितलं, बाबा?"

"तुले अजून दुखलं असतं, पोरी."

तीन वर्षं ते जाणून होते. माय गेल्यावर मी भिंतीला टेकून बसलेली असायची, तेव्हाही जाणून होते. मायला म्हणाले होते तसेच शब्द माझ्या ओठांवर आले, आणि या वेळी ते खरेही होते. बाबा ताटाकडे पाहत होते, त्यांच्या हनुवटीला एक शीत चिकटलं होतं, आणि मी काय बोलते त्याची ते वाट पाहत होते.

मी पातेलं पुढे ओढलं आणि त्यांना भात वाढला.